तीन पाकिटं, चार रेघा

१

कपाटाच्या तिसऱ्या खणात चाळीस फायली असायला हव्या होत्या. मोजणीबाईंनी तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा एकोणचाळीसच भरल्या. चौथ्यांदा मोजायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. तीनदा मोजूनही आकडा हलत नसेल तर दोष आकड्यात नसतो, आजूबाजूच्या माणसांत असतो, असं त्यांचं पक्कं मत होतं.

तक्रार कक्षात त्यांना सगळे तोंडावर "बाई" म्हणत आणि पाठ वळली की "मोजणीबाई". हे त्यांना ठाऊक होतं. कोण दिवसातून कितीदा म्हणतं तेही ठाऊक होतं.

कक्षाचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: रंगावरून, मुळावरून, बोलण्याच्या ढबीवरून ज्याला घर नाकारलं, नोकरीवरून काढलं, ज्याच्या दारावर शिव्यांचा कागद डकवला, त्याने इथे यायचं. मोजणीबाई सव्वीस वर्षं त्याची नोंद ठेवत होत्या. किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती नुसत्याच दप्तरी दाखल झाल्या. हा तिसरा आकडा त्या लाल शाईने लिहीत.

नाहीशी झालेली फाईल सुईणबाईंची होती. सुईणबाई डोंगरापलीकडच्या. सरकारी प्रसूतिगृहात नऊ वर्षं बाळंतपणं करत होत्या. सहा महिन्यांपूर्वी बाळंतिणींच्या उशाखाली चिठ्ठ्या सापडू लागल्या: या पलीकडच्या बाईचा हात लावून घेऊ नका. अशा एक्केचाळीस. ओरड वाढली, तेव्हा प्रसूतिगृहाने चिठ्ठ्या लिहिणारा शोधायचं सोडून सुईणबाईंनाच प्रसूतीच्या खोलीतून काढलं आणि कपड्यांच्या कोठारात चादरी मोजायला बसवलं.

आज तीन वाजता शेवटची सुनावणी. अक्षरतज्ज्ञ येणार होता. मूळ चिठ्ठ्या टेबलावर आल्या तर सुईणबाई पुन्हा प्रसूतीच्या खोलीत. नाही आल्या तर तक्रार दप्तरी दाखल आणि सुईणबाई जन्मभर चादरींत.

घड्याळात साडेनऊ झाले होते. मोजणीबाईंनी कपाट बंद केलं आणि किल्ली कमरेला खोचली. बाहेरच्या बाकावर सुईणबाई साडेपाच तास आधीच येऊन बसलेल्या होत्या, मांडीवर हात ठेवून.

"सगळं ठीक आहे ना बाई?" त्यांनी विचारलं.

"तीन वाजता सांगते," मोजणीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खरं सांगायची ही वेळ नव्हती.

२

साहेब मोठे सौम्य गृहस्थ. "बघू" हा शब्द ते अकरा तऱ्हांनी म्हणू शकत. आज मात्र त्यांनी तो एकदाही म्हटला नाही.

"मला आश्चर्य वाटत नाही," ते म्हणाले. "दुभाषी कुठला आहे? डोंगरापलीकडचा. सुईण कुठली? तिकडचीच. चिठ्ठ्या दोघांनी मिळून घरीच लिहिल्या असतील. आज अक्षरतज्ज्ञ येणार म्हटल्यावर पाचावर धारण बसली. केली फाईल गायब."

"पुरावा?"

"काल संध्याकाळी पाचला सगळे गेल्यावर तो एकटा परत आला होता. पहारेकऱ्याने पाहिलाय. कपाटाची दुसरी किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते, हे सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे सगळ्यांनाच संधी होती."

"बाई, तुम्ही नोंदी ठेवा. अडीच वाजता त्याच्या निलंबनावर मी सही करतोय. टायपिस्टला पत्र तयार करायला सांगितलंय."

मोजणीबाई दारापाशी थांबल्या. "साहेब, ज्या कक्षाच्या पाटीवर भेदभाव निवारण लिहिलंय, तिथे माणूस कुठला आहे एवढ्यावर चोर ठरला. ही तक्रार मी कुठल्या नंबरवर घेऊ?"

साहेबांनी समोरचा कागद उलटा केला आणि पुन्हा सुलटा केला. दोन्ही बाजू कोऱ्याच होत्या.

"अडीचपर्यंत वेळ आहे तुम्हाला," ते म्हणाले.

३

एक गोष्ट बाईंनी मनाशी पक्की केली. काल दुपारी एक वाजता फाईल त्यांनी स्वतः पाहिली होती, चिठ्ठ्यांच्या लाल पाकिटासकट. दीड वाजता त्या दाढ काढायला गेल्या. म्हणजे फाईल गेली ती त्यानंतर.

वकीलबाई खटल्याचे कागद लावत होत्या. वय तीस, जीभ साठ वर्षं परजलेली.

"मला विचारताय? माझाच खटला आहे तो! मी कशाला चोरू? काल सव्वाला मी आणि दुभाषी कोर्टात गेलो. साडेचारला सुटलो. मी तशीच घरी गेले."

"छायाप्रती?"

"तुम्हालाच ठाऊक. लाल पाकिटातल्या कागदाची प्रत काढायची नाही हा इथला नियम. विष आहे, एकाचे चार करू नका म्हणे. आता बसा त्या नियमाचा पाळणा हलवत."

दुभाषी खिडकीपाशी उभे होते. बारा वर्षं ते इथे पलीकडच्या लोकांच्या तक्रारी लिहून घेत आणि त्यांना आलेल्या शिव्या त्यांना समजतील अशा सांगत. दुसरं काम जास्त अवघड, असं ते म्हणत.

"पाचला का आला होतात?"

"छत्री विसरलो होतो."

"पाऊस नव्हता."

"उन्हाची छत्री बाई. डोक्यावर केस उरलेत कुठे?" ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "सकाळपासून तुम्ही पहिल्या, की ज्यांनी प्रश्न विचारला. बाकीच्यांनी उत्तरच दिलं. एक सांगू? या नोकरीत मी हजारो शिव्यांचं भाषांतर केलं. आज पहिल्यांदा साहेबांच्या तोंडचं वाक्य ऐकलं आणि त्याचं भाषांतर करावंच लागलं नाही."

मोजणीबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

"छत्री कुठे होती?"

"दारामागे. दोन मिनिटांत परत गेलो."

"ठीक. आता तुम्ही इथून हलू नका. आणि कुणी काही म्हटलं तर उत्तर देऊ नका. उत्तर मी देईन."

४

टायपिस्टला सगळे भाऊ म्हणत. तो मोजणीबाईंना मावशी म्हणे, आणि बाईंना ते आवडे, म्हणून त्या कधी तसं दाखवत नसत. चार महिन्यांपूर्वी त्याला मुलगी झाली होती. तिचा फोटो त्याच्या टेबलावर होता. फोटोशेजारी भिंतीला एक कागद टाचलेला होता: दुधाच्या वेळा. फिकट हिरव्या बारीक चौकड्यांचा कागद, त्यावर रोजचे ठिपके.

"रात्री किती वेळा उठते?" बाईंनी विचारलं.

"चारदा! आवाज एवढा की शेजारचे म्हणतात, भोंगा बसवलाय का?"

"तक्ता छान केलायस."

"कागद ताईने दिला. ताईच म्हणाली, सगळं लिहून ठेव. मला तिनेच वाढवलं ना, आता माझ्या मुलीलाही शिस्त लावतेय." त्याने संगणकाचा पडदा थोडा तिरपा केला. पण बाईंना दिसलंच. निलंबनाचं पत्र तयार होतं, फक्त नावाची जागा मोकळी होती.

"पत्र झालं नाही अजून?"

"झालंच. नाव तेवढं... करतो."

"काल दुपारी दीड ते पाच कुठे होतास?"

"इथेच मावशी. वार्षिक अहवाल टाईप करत होतो. खुर्चीवरून हललो नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही."

"आणि साहेब?"

"साहेब जेवणानंतर दोन ते तीन डोळे मिटून धोरणाचा विचार करतात. घोरण्याचा आवाज येत होता."

मोजणीबाई उठल्या. आतापर्यंतचा हिशेब असा: चार माणसं, एक किल्ली आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. आकडा म्हणावा असा एकही नाही. माणूस आपल्याबद्दल काय सांगतो याला त्या फारशी किंमत देत नसत. माणूस नकळत काय करतो, तेवढंच मोजता येतं.

जिन्यापाशी येऊन त्या थबकल्या. मग जवळजवळ धावतच खाली गेल्या. सत्तावन्नाव्या वर्षी त्या धावल्या, हे पाहून बाकावरच्या सुईणबाई उठून उभ्या राहिल्या.

५

कक्षाची एक रीत होती. बाहेरच्यांना ती वेडेपणाची वाटे. घाणेरडे, विषारी कागद लाल पाकिटात ठेवत. लाल पाकीट वाचणाऱ्याने ते मिटलं की खाली अंगणात जायचं, पाण्याच्या टाकीभोवती पाच फेऱ्या मारायच्या, टाकीच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढायची आणि मगच दुसऱ्या कामाला हात लावायचा. पूर्वी एका महिन्यात दोन कारकून जेवण सुटून आजारी पडले, तेव्हा पहिल्या साहेबांनी ही रीत घातली. सुरुवातीला लोक हसले. आता लाल पाकीट मिटलं की पाय आपोआप जिन्याकडे वळत, घराबाहेर पडताना गॅस बंद करायला हात जातो तसे.

पाकिटं बाई स्वतः देत आणि लिहून ठेवत. काल त्यांनी तीन दिली होती. वकीलबाईंना एक, दुभाष्यांना दोन. तिन्ही एकच्या आत परत आली होती.

पहारेकरी टाकीजवळ स्टुलावर बसला होता.

"या रेघा कधी पुसतोस?"

"सोमवारच्या सोमवारी. वाराची वेगळी ओळ असते." त्याने बोट दाखवलं. "ही कालची. बुधवार."

बाईंनी मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

"कालच्या चार?"

"चार. दोन वाजता मी फाटकाला कुलूप लावून जेवायला गेलो तेव्हा तीन होत्या. चारला येऊन पंप सुरू केला तेव्हा चार."

"नक्की? मोजल्या होत्यास?"

पहारेकरी दुखावला. "बाईसाहेब, तुमच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. इथे मोजल्याशिवाय कुणी शिंकत तरी का?"

"दोन ते चार कुणी बाहेर गेलं? आत आलं?"

"कुलूप होतं म्हटलं ना. किल्ली माझ्या खिशात."

बाई टाकीच्या कठड्यावर टेकल्या. वाचायला तीन पाकिटं. भिंतीवर रेघा चार. एक माणूस न मिळालेलं पाकीट वाचून फिरला होता. आणि वर इमानदारीने रेघसुद्धा ओढून गेला होता.

अडीचला अजून दोन तास होते. पण त्यांना आता एवढा वेळ लागणार नव्हता. अपराधी सापडला होता, आणि तो सापडल्याचा त्यांना जराही आनंद झाला नाही.

६

भाऊ डबा उघडून बसला होता, पण घास घेतला नव्हता. बाईंनी दार लोटलं आणि खुर्ची ओढली.

"हिशेब जुळवायला आलेय. मदत कर. काल पाकिटं तीन दिली, रेघा चार आहेत. चौथी दोन ते चारमधली. वकीलबाई आणि दुभाषी कोर्टात. मी दाढ धरून डॉक्टरकडे. फाटकाला कुलूप. आत दोनच माणसं. साहेब आणि तू."

"मग साहेबच," भाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "प्रसूतिगृहाचे प्रमुख त्यांच्या ओळखीचे आहेत."

"मलाही क्षणभर तसं वाटलं. पण साहेबांनी अकरा वर्षांत एकही लाल पाकीट उघडलेलं नाही. ते सारांश वाचतात. टाकी त्यांनी खिडकीतून पाहिलीय तेवढीच. साहेबांनी चोरी केली असती तर फाईल आपल्या कपाटात कोंबून चहा मागवला असता. चोरी करायची, वाचायचं, पाकीट मिटलं की गुपचूप खाली जाऊन पाच फेऱ्या मारायच्या आणि शेवटी रेघ ओढायची, हे रोज पाकिटं वाचणाराच करतो. आपल्यातला. इतर खटल्यांची पाकिटं टाईप करायला तूही वाचतोस. तू पाणी प्यायला उठला नाहीस म्हणालास, भाऊ. मग फिरायला कोण उठलं?"

भाऊने डब्याचं झाकण लावलं. बाईंनी भिंतीवरचा हिरवा चौकडीचा कागद काढला.

"परवा सुनावणीचा सारांश तूच टाईप केलास. त्यात होतं, चिठ्ठ्या तापाच्या तक्त्याच्या कागदावर आहेत, हिरव्या चौकड्यांच्या. ते टाईप करताना तुझी नजर या भिंतीकडे गेली. तुझी ताई कुठे काम करते?"

"तिथेच. मेट्रन आहे," भाऊ म्हणाला. मग घाईघाईने, "मला फक्त पाहायचं होतं मावशी. वाटलं, अक्षर तिचं नसेल. एकदा पाहतो आणि परत ठेवतो."

"आणि?"

"तिनेच मला अक्षरं गिरवायला शिकवलंय."

तो उठला. वार्षिक अहवालाच्या गठ्ठ्याखालून त्याने फाईल काढली, लाल पाकीट उघडलं आणि एक चिठ्ठी बाईंपुढे ठेवली. वर लिहिलं होतं: हिच्या हातचं मूल जगत नाही.

"उलटी करा."

मागे सुईणबाईंचं बारीक अक्षर होतं. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे त्यांनी त्या दिवसाची नोंद केली होती. या चिठ्ठीमागे चार महिन्यांपूर्वीची तारीख होती, आणि खाली: मुलगी. दोन किलो नऊशे. उशिरा रडली, पण रडली.

भाऊने टेबलावरचा फोटो बाईंकडे वळवला.

"सतरावी चिठ्ठी. फाडायलाच बसलो होतो. सोळा वाचून झाल्या होत्या. ही आली. माझ्या बायकोच्या उशाखाली, मावशी. माझ्या बहिणीने. आणि त्या बाईने ती उचलून खिशात घातली, आत गेली आणि माझी मुलगी बाहेर काढली. त्यानंतर मला फाडवेना. परत ठेववेना. ठेवली तर ताई जाते, नाही ठेवली तर ही बाई."

"आणि सकाळी दुभाष्यांचं नाव पुढे आलं तेव्हा?"

"पत्र टाईप केलं. नाव तेवढं घालवेना."

मोजणीबाईंचा आवाज चढला नाही, पण त्यातला मावशीपणा गेला. "चिठ्ठी लिहिणारी एक. ती कुणी लिहिली हे कळूनही गप्प बसणारा एक. त्या गप्प बसण्यावर निरपराध माणसाला बाहेर काढणारा एक. मी सव्वीस वर्षं पहिल्याच रकान्यात लिहितेय, भाऊ. बाकीचे दोन रकाने कधी आखलेच नाहीत. आज आखू?"

भाऊने चिठ्ठी पुन्हा लाल पाकिटात ठेवली.

"फाईल मी नेऊ शकते," बाई म्हणाल्या. "सापडली म्हणून सांगेन. पण मग सापडण्याआधी कुठे होती, हे कोण सांगणार? दुभाष्यांच्या नावाला डाग तसाच राहील. तीन वाजता दार उघडं असेल."

त्या फाईल टेबलावर तशीच ठेवून बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक कागद न मोजता दुसऱ्याच्या हवाली केला होता.

अडीचला साहेबांनी पत्र मागवलं. भाऊने निरोप पाठवला: पत्र तीनला घेऊन येतो.

७

तीन वाजता समितीचे तिघे बसले, मधोमध साहेब. प्रसूतिगृहाचे वकील आधीच दप्तर आवरून बसले होते.

"मूळ कागद उपलब्ध नसल्यास..." त्यांनी सुरुवात केली.

दार उघडलं. मोजणीबाईंनी श्वास धरला, आणि नंतर त्यांना आठवेना, किती वेळ धरला होता.

भाऊने टेबलावर फाईल ठेवली. "काल दुपारी मी चोरली. चिठ्ठ्या पूर्ण आहेत, एक्केचाळीस. अक्षर माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. ती तिथे मेट्रन आहे. अक्षरतज्ज्ञांना तपासू द्या, पण मी ओळखतो." मग त्याने दुसरा कागद साहेबांपुढे सरकवला. "निलंबनाचं पत्र. नाव भरलंय."

साहेबांनी वाचलं. नाव भाऊचंच होतं. दारापाशी उभ्या दुभाष्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

अक्षरतज्ज्ञाने भिंग लावून भाऊने आणलेलं ताईचं एक जुनं पत्र चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. वकील दप्तर पुन्हा उघडू लागले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मजकुराचा सारांश आपल्याकडे आहेच, तेव्हा निकाल..."

"सारांश नको साहेब." सुईणबाई पहिल्यांदाच बोलत होत्या. "वाचा. एक्केचाळीस आहेत. मी प्रत्येक वाचली, हात धुतले आणि आत गेले. आत बाई कळा देत असायची. तुम्हाला तर नुसतं बसूनच वाचायचंय."

साहेबांनी मोजणीबाईंकडे पाहिलं. मोजणीबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला, एवढीच मदत केली.

साहेब वाचू लागले. पहिल्या पाच भरभर झाल्या. नवव्या चिठ्ठीला त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ते चिठ्ठ्या उलट्या करूनही वाचू लागले. मुलगा, तीन किलो शंभर. मुलगी, पायाळू, सुखरूप. जुळी, दोन्ही रडली. पुढच्या बाजूला विष, मागच्या बाजूला वजन. पस्तिसाव्या चिठ्ठीपाशी त्यांचा आवाज बसला. उरलेल्या त्यांनी तशाच, बसक्या आवाजात वाचल्या. एकही गाळली नाही.

निकाल चार ओळींचा झाला. सुईणबाई उद्या सकाळच्या पाळीपासून प्रसूतीच्या खोलीत. मेट्रनला वॉर्डात पाऊल टाकायला मनाई, पुढची चौकशी होईपर्यंत. भाऊचं पत्र मंजूर. आणि चौथी ओळ साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिली: दुभाष्यांवर घेतलेला संशय निराधार होता, तो मी घेतला होता.

बाहेर बाकापाशी भाऊ घुटमळत होता. सुईणबाई त्याच्यासमोर थांबल्या.

"मेट्रनच्या भावजयीचं बाळंतपण मीच केलं होतं. सतरावी तुमची का?"

त्याने मान डोलावली.

"उशिरा रडली होती. मी घाबरले होते जरा. आता?"

"आता थांबतच नाही."

"रडू दे," सुईणबाई म्हणाल्या, आणि उद्याची पाळी लवकरची असल्यामुळे भराभर निघून गेल्या.

मोजणीबाईंनी फाईल तिसऱ्या खणात ठेवली. चाळीस. मग रजिस्टर उघडून पट्टीने दोन नवे रकाने आखले. आखता आखता खिडकीतून सहज खाली पाहिलं तर साहेब पाण्याच्या टाकीभोवती फिरत होते, हात पाठीमागे बांधून, नवख्या माणसासारखे, कुठून सुरू करायचं ते न कळल्यासारखे. पहारेकरी खडू घेऊन शेजारी उभा होता.

तीन फेऱ्या झाल्या. साहेब थांबले. झालं का, म्हणून त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं.

मोजणीबाईंनी दोन बोटं दाखवली.